ऑनलाइन कार्यक्रमात अंध, कमी ऐकू येणाऱ्या आणि वयस्कर लोकांनाही नीट भाग घेता यावा म्हणून काय करावं? कुठलं अ‍ॅप चांगलं?

झूम घ्या नाहीतर मीट घ्या, फार फरक पडत नाही. दोन्हीत कॅप्शन आहेत, म्हणजे बोललेलं खाली अक्षरांत दिसतं, आणि दोन्ही स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालतात. माणूस अडकतो तो अ‍ॅपपर्यंत पोचायच्या आधीच, व्हॉट्सअ‍ॅपवर. हे मी एवढं ठासून सांगतेय कारण आमच्या घरात झालंय.

आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागातले. माझ्या धाकट्या काकांची नजर काचबिंदूने हळूहळू गेली, आता अजिबात दिसत नाही. तीसेक वर्षं त्यांनी आमच्या मंडळाच्या गाण्याच्या बैठकींना पेटी वाजवली. डिसेंबरच्या थंडीत मफलर गुंडाळून तानसेन समारोहाला शेवटपर्यंत बसणारा माणूस. नजर गेल्यावर हट्टाने लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर शिकले. ते फुकट मिळतं, मराठीही वाचून दाखवतं, आवाज यंत्रासारखा आहे पण एकदा कान बसला की काही वाटत नाही. मेल, बातम्या, बँक सगळं स्वतःचं स्वतः करतात.

2020ची कोजागिरी. एकत्र जमणं शक्य नव्हतं म्हणून मंडळाने ऑनलाइन बैठक ठरवली. ग्रुपवर आमंत्रण आलं ते चित्र होतं. चंद्र, वीणा, दुधाचा पेला आणि खाली नक्षीदार अक्षरात वेळ आणि लिंक. काकांच्या लॅपटॉपने फक्त म्हटलं, 'इमेज'. बास. चित्रातल्या लिंकवर तर कोणालाच क्लिक करता येत नाही, दिसणाऱ्यांनाही ती बघून बघून टाइप करावी लागली. मग कार्यक्रमाचा क्रम आणि बंदिशींचे शब्द म्हणून वर्डची फाइल आली, ती कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. आपल्या मध्य प्रदेशात अजून बरीच टायपिंगची दुकानं कृतिदेववरच चालतात. आपल्याला स्क्रीनवर देवनागरी दिसते, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात. 'मराठी' हा शब्द कृतिदेवमध्ये टाइप केला की कॉम्प्युटरच्या लेखी तो ई, जे, के, बी, एच असतो. काका दहा मिनिटं असली अक्षरं ऐकत बसले, मग मला फोन केला, "अगं, काय पाठवलंय हे?"

मी सचिवांना फोन लावला. म्हटलं, भाऊसाहेब, तेच चार ओळीत साधं टाइप करून टाका ना ग्रुपवर. तर म्हणाले, "तू आहेस ना, तू लावून देत जा त्यांना. एका माणसासाठी कुठे सगळं बदलत बसायचं."

तू लावून देत जा. पाच वर्षं झाली, अजून डोक्यातून जात नाही ते वाक्य.

गेले मी काकांकडे, दिलं लावून. आलाप सुरू झाला आणि इकडे चॅटमध्ये लोक सुरू झाले. नमस्कार मंडळी, वाह वाह, आवाज येतोय का, आणि हात जोडलेले ते इमोजी. स्क्रीन रीडर प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचतो हो, गाण्याच्या वर. गायिका षड्जावर ठरलेली आणि लॅपटॉप म्हणतोय हात जोडलेले, हात जोडलेले, हात जोडलेले. झूमच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत स्क्रीन रीडर कायकाय सांगेल याची यादी असते, त्यातली चॅटची खूण काढता येते, हे मला दोन दिवसांनी कळलं. तुमच्याकडे कोणी स्क्रीन रीडरवाला येणार असेल तर त्याला हे आधी सांगा, आणि बाकीच्यांना सांगा की दाद गाणं संपल्यावर लिहा.

मग काका म्हणाले, "तानपुरा कुठे आहे?" मी म्हटलं, आहे की मागे, मुलगी छेडतेय. "छेडत असेल, ऐकू येत नाहीये." मी डोळे मिटून ऐकलं. खरंच नव्हता. झूमला एकसारखा चालणारा आवाज पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो गाळून टाकतं, म्हणून गाणाऱ्याने आपल्या बाजूला 'ओरिजिनल साऊंड' चालू करायचा असतो. स्क्रीनवर बोटं तारांवर फिरत होती म्हणून आम्हा सगळ्यांना तो ऐकू आल्यासारखा वाटला. काकांनी सांगायला माइक चालू करायचं ऑल्ट आणि ए दाबलं, पण होस्टने सगळ्यांचे माइक बंद करून ठेवलेले. मी चॅटमध्ये लिहिलं, ते वाह वाहच्या ढिगाऱ्यात गेलं. अख्खी बैठक तानपुऱ्याशिवाय झाली, ग्वाल्हेरात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमंत्रण चित्रात द्यायचं तर द्या, पण त्याखाली वेळ, लिंक, क्रम सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी टाइप करतो तसं, टाइप करा. स्लाइड दाखवताना 'हे बघा, इथे काय दिसतंय' म्हणून पुढे जाऊ नका, काय आहे ते बोला. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नकोत, अक्षर आणि पार्श्वभूमीचा फरक निदान 4.5 ला 1 असावा असा वेबचा नियम आहे आणि वयस्कर डोळ्यांनाही तोच लागतो. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको, कारण कमी ऐकू येणारे ओठ वाचतात. दोघांनी एकदम बोलू नये. कॅप्शन लावा, पण मराठी गाण्याबोलण्याचं ते वाटेल ते छापतात, म्हणून शब्द आधीच पाठवा. एक दिवस आधी रिहर्सल करा आणि ज्यांना अडचण येणार आहे त्यांनाच त्यात बसवा, त्यांच्या वतीने त्यांच्या मुला-सुनेला नाही.

'नंतर रेकॉर्डिंग पाठवतो' हे तर बोलूच नका. आमच्याकडे तेही झालं. बैठक म्हणजे समेवर सगळ्यांबरोबर मान हलणं, दुसऱ्या दिवशी एकट्याने ऐकणं म्हणजे बैठक नाही.

आणि एका माणसासाठी म्हणणाऱ्यांना सांगते, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 29 आहे ते सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दलच आहे. नोकरी आणि रॅम्प एवढ्यावर तो कायदा संपत नाही. जुन्या 1995च्या कायद्यात 7 प्रकारचं अपंगत्व होतं, यात 21 आहेत. आमच्या एवढ्याशा ग्रुपमध्ये मोजले तर कानाला मशीन लावणाऱ्या चार काकू, मोतीबिंदूचे तीन आजोबा आणि हात थरथरतात म्हणून बारीक बटण दाबता न येणारे एक सर निघतात. हे लोक कधी तक्रार करत नाहीत, ते फक्त येणं बंद करतात. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताच्या शहरांत घेतलं, ती बातमीसुद्धा सचिवांनी फोटोतच टाकली. काकांना ती मी वाचून दाखवली.

एक मात्र आहे, माझे काका शिकलेले आणि चिकाटीचे, प्रत्येकाकडून एनव्हीडीएची अपेक्षा ठेवू नका, काहींना साधा फोन करूनच जोडून घ्यावं लागेल. आणि जे सांकेतिक भाषेतच बोलतात त्यांना कॅप्शन पुरत नाहीत, दुभाषी घ्या, त्याला पैसे द्या आणि त्याची चौकट स्क्रीनवर सारखी मोठी ठेवा.

बैठक आता हॉलमध्येच होते, पण पुण्याची, अमेरिकेची मंडळी असतात म्हणून कोजागिरी ऑनलाइनच ठेवलीय. गेल्या वर्षी ग्रुपचं काम एका नव्या मुलीकडे आलं, तिने न सांगता आमंत्रण टाइप करून टाकलं. मी त्या दिवशी रेल्वेत होते, झाशीच्या पुढे नेटवर्क आलं तेव्हा उशिरा जोडले गेले. काका आधीच आत होते, माइक चालू, आणि सांगत होते, "बेटा, तानपुऱ्याचा खर्ज जरा उतरलाय, बघ."