'सुफ्रेन' म्हणजे नेमकं कोणतं जहाज? आडनावाआधी साल बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. जुन्या बाजारात मिळालेल्या फ्रेंच पोस्टकार्डावर युद्धनौकेचं चित्र, खाली नुसतं 'सुफ्रेन', टपालाचा शिक्का पुसट आणि शोधायला जावं तर कधी पाणबुडी, कधी नौसेनानी, कधी चक्क बिशप समोर येतो. नेमका हाच गुंता माझ्याही वाट्याला आला होता.

आधीच सांगतो, मी इतिहासकार नाही, कार्डं जमवणारा माणूस आहे. पण या एका नावामागे बराच काळ घालवलाय.

तो बिशप म्हणजे नौसेनानीचा सख्खा भाऊ, लुई-जेरोम. तुमच्या कार्डाशी त्याचा संबंध नाही, बाजूला ठेवा. जहाजांना नाव मिळालं ते फ्रेंच नौसेनानी पिएर आंद्रे द सुफ्रेनचं (१७२९–१७८८). १७८२-८३ मध्ये तो आपल्याच पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीजवळ इंग्रज ॲडमिरल ह्यूजशी पाच वेळा लढला, हैदर अलीलाही भेटला. तो तिकडे लढत असतानाच, मे १७८२ मध्ये, इकडे इंग्रज आणि मराठ्यांमध्ये सालबाईचा तह झाला. पेशव्यांनी पोर्तुगीज सोडून इतर युरोपीयांना वखारी घालू देऊ नयेत, हे कलम त्यात होतं आणि रोख फ्रेंचांवर होता. आपल्याकडे सालबाई शिकवताना समुद्रावरची ही बाजू कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता जहाजं. गावात एकाच नावाचे चौघे असले की आपण वडिलांचं नाव विचारतो, तसं इथे साल विचारायचं. १८७० ची चिलखती नौका: हिला शिडांच्या डोलकाठ्या दिसतील. १८९९ ला जलावतरण झालेली मोठी युद्धनौका: दोन धुराडी, पुढे एक आणि मागे एक मोठा तोफमनोरा. १९२७ ची क्रूझर: धुराडी हिलाही दोनच, पण दुहेरी तोफांचे मनोरे चार. १९६५ ची क्षेपणास्त्र नौका: रडारवरच्या भल्यामोठ्या गोल घुमटामुळे ओळखायला सगळ्यात सोपी. आणि २०१९ ची अणुपाणबुडी, जी शोधात सगळ्यात वर येते. याआधीची शिडाची जहाजंही आहेत, पण फोटोच्या पोस्टकार्डाला ती लागू नाहीत. नवीन जहाजासाठी नाव मोकळं करायला १९२७ च्या क्रूझरला उतारवयात 'ओसेआँ' केलं गेलं, म्हणजे एकच जहाज दोन नावांनी सापडतं.

तुमच्या वर्णनावरून कार्ड १८९९ वालीचं वाटतं. फोटो न बघता खात्री देत नाही.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. माझ्या कार्डावर खलाशाची सही होती आणि तो १८९९ वालीबरोबर बुडाला का, एवढंच मला हवं होतं. कारण २६ नोव्हेंबर १९१६ ला, लोरियाँच्या गोदीत दुरुस्तीसाठी जाताना, लिस्बनजवळ यू-५२ या जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने तिचं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि ६४८ माणसांपैकी एकही वाचला नाही. मी अर्जात साल, चित्र, शिक्का सगळं दिलं. त्यांनी शुल्क घेतलं, महिनोन् महिने लावले आणि पाठवली ती १९२७ च्या क्रूझरची कागदपत्रं! विचारलं तर उत्तर, "तुम्ही सुफ्रेनची माहिती मागितली, आम्ही सुफ्रेनची दिली." अर्ज उघडून वाचण्याचीही तसदी नाही. १९१६ साली बुडालेल्या माणसाबद्दल १९२७ च्या जहाजाचे कागद कसले पाठवता? पैशाचं सोडा. या वाट बघण्यात त्याच खलाशाची उरलेली कार्डं विक्रेत्याने सुटी सुटी विकून टाकली. तो संच आता परत जुळणार नाही, याचा राग अजून आहे.

म्हणून माझं ठाम मत: कोणत्याही कार्यालयाला नुसत्या जहाजाच्या नावाने लिहूच नका. खलाशाचं नाव वाचता येत असेल तर आधी फ्रेंच संरक्षण मंत्रालयाच्या 'मेम्वार दे झॉम' या संकेतस्थळावर बघा. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या नोंदी तिथे फुकट मिळतात. मात्र तिथे नाव नाही म्हणजे माणूस वाचलाच, असं धरू नका. हस्ताक्षर वाचण्यात एक अक्षर चुकलं तरी नोंद सापडत नाही.

शिक्का पुसट असला तरी कार्डाची मागची बाजू बोलते. मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर कार्ड साधारण १९०४ नंतरचं.

थोडं विषयांतर, पण पुढे 'द्युप्ले' नावाचं कार्ड हाती आलं तर नौसेनानी शोधत बसू नका. तो पाँडिचेरीचा गव्हर्नर, आपण ज्याला डुप्ले म्हणतो तोच. त्याच्याही नावाची एकाहून जास्त जहाजं आहेत.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, जमेल तेवढं वाचून देतो. आणि विक्रेत्याकडे त्याच हस्ताक्षरातली आणखी कार्डं आहेत का, हे आजच विचारा. असतील तर जहाजाची खात्री व्हायची वाट न बघता ती एकत्र राखून ठेवायला सांगा.