बँड जाड झाला म्हणून काय झालं?

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

गणपतीत आरती झाल्यावर पडवीत लॅपटॉप उघडून तू जे दाखवलंस, ते डोक्यातून जात नाही. पेशींना डीएचटी हे पुरुषी हार्मोन दिल्यावर पीएसए या प्रोस्टेटच्या एन्झाइमचा ब्लॉटवरचा बँड, म्हणजे प्रमाण दाखवणारी पट्टी, जाड झाला, पण ॲक्टिव्हिटीची, म्हणजे कामाची, रेषा आडवीच. आणि गाइड म्हणतात, तो भाग थिसिसमधून काढ. काढू नकोस! एन्झाइम आहे किती ते मला सांगू नकोस. काम किती करतंय ते सांग.

जूनमध्ये मिरकरवाड्याला बघतेस ना? मासेमारी बंद, सगळ्या होड्या बंदरात, पाय ठेवायला जागा नाही. त्या मोजून मासळीचा अंदाज कोण बांधतं?

डीएचटी रिसेप्टरला चिकटलं, रिसेप्टर केंद्रकात गेला, पीएसएचं जनुक चालू झालं. इथवर तुझा बँड खरा. पुढे? तुझ्या एलएनकॅप, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या, पेशी काही पीएसए प्रो-रूपातच, म्हणजे निष्क्रिय असतानाच, बाहेर टाकतात. टोकाची सात अमिनो आम्लं तुटल्याशिवाय ते कामाला लागत नाही. जे लागतं त्याला माध्यमातल्या सीरममधलं अँटिकायमोट्रिप्सिन हे रोधक प्रथिन धरून बसतं. जस्त असेल तर तेही दाबतं. कोळशाने सीरममधले स्टेरॉइड काढलेस, शाबास. हे रोधक कुठे गेले? ते तिथेच आहेत, बाई.

हार्मोनलाही एन्झाइमवाचून गती नाही. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी ५-अल्फा रिडक्टेज करतं. फिनास्टेराइड या औषधाने ते अडवलं की रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही पीएसए काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास येतं. इथेही तेच, कामच बघायचं.

चार्ल्स हगिन्स या सर्जनने 1941मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांत अंडकोष काढल्यावर रक्तातलं ॲसिड फॉस्फेटेज उतरतं हे दाखवलं. ब्लॉट तेव्हा कुठला? त्याने एन्झाइमचं कामच मोजलं, आणि 1966मध्ये नोबेल घेतलं.

माझ्या पेपरला रिव्ह्यूअरने ब्लॉट मागितला होता. करता आला असता. मी अडून बसले, पेपर कपाटात राहिला, बढती गेली. घरचे अजून टोमणे मारतात. मारोत. एन्झाइमच्या गतीचे आकडे समोर असताना चित्र कशाला हवं होतं त्यांना? ते आकडे आजही कुणीही काढून बघावेत, तेच येतील. वाईट वाटतं ते एवढंच, की ते कुणी वाचले नाहीत.

असो. विकत मिळणारं शुद्ध, सक्रिय पीएसए तुझ्याच माध्यमात घाल, सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइमने तोडल्यावर रंग देणारा पदार्थ, टाक आणि 405 नॅनोमीटरवर बघत बस. पिवळा रंग तिथेही चढला नाही, तर दोष पेशींचा नाही, माध्यमाचा. मग सीरमविना कर. एका वेलमध्ये जस्त धरायला ईडीटीए. आणि डीएचटी ज्यात विरघळवतेस त्या नुसत्या इथेनॉलचा कंट्रोल विसरलीस तर मला फोन करू नकोस.

हे झालं की मग गाइडकडे जा, आणि बँड त्यांनी मागितला तरच दाखव.

तुझी,
मावशी