कोबीच्या सॅलडला पाणी सुटतं त्याचं काय करायचं

तुमची तक्रार थोडक्यात अशी: कोबी बारीक चिरला, दही, मेयोनीज आणि कोथिंबीर-पुदिन्याचं ड्रेसिंग घालून कालवला, चव मस्त आली. पण अर्ध्या तासात वर मलूल कोबी आणि तळाला हिरवट पाणी. त्यात ड्रेसिंग पातळ झालं नि लसूण नको तितका उग्र लागला. तुमचं साहित्य ठीक आहे, क्रम चुकतोय.

हे मी स्वतः भोगलंय. वीस जण जेवायला होते म्हणून शहाणपणा करून सकाळी अकरालाच सॅलड कालवून फ्रिजमध्ये ठेवलं. दीड वाजता झाकण काढलं, डाव घातला, तर खालून चक्क सूप वर आलं. वरवरचं तेवढं वाढलं आणि बाकीचं गुपचूप आत नेऊन ठेवलं.

कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते पेशींमध्ये ठासून भरलेलं असतं तोवर पान ताठ, दाताखाली करकर वाजणारं. मीठ लागलं की तेच पाणी बाहेर येतं. ड्रेसिंगमध्ये मीठ असतंच, म्हणजे कालवल्या क्षणापासून घड्याळ सुरू. म्हणून आधी एक ठरवा: कोबीतलं पाणी आतच राहू द्यायचंय की आधीच काढून टाकायचंय? दोन्ही चालतं. अधलंमधलं काही केलं की तुमचं झालं तसं होतं.

लगेच खायचं असेल तर पाणी आत ठेवा. चिरलेला कोबी बर्फ घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं बुडवा. चिमटभर उचलून बघितलात तर मघाशी सरळ लोंबणाऱ्या पट्ट्या आता वळून ताठ झालेल्या दिसतील. मग खरं काम, ते म्हणजे कोरडं करणं. चाळणीत नुसता निथळून भागत नाही. सुती पंचावर पसरा, गुंडाळी करा, हलक्या हाताने दाबा, पंचा बदलून पुन्हा एकदा. पान ओलं असेल तर ड्रेसिंग त्याला धरत नाही, घसरून तळाला जातं. कंटाळा येतो, मान्य, पण माझ्या मते अर्धं सॅलड याच पायरीवर बनतं किंवा बिघडतं.

तास-दोन तास आधी करून ठेवायचं असेल तर उलट करा. अर्धा किलो चिरलेल्या कोबीला एक छोटा चमचा मीठ चोळा, अर्धा तास चाळणीत ठेवा, मग मुठीत घेऊन पिळा. पहिल्यांदा केलं तेव्हा खाली वाटी धरली होती, चार-पाच मोठे चमचे पाणी सहज निघालं. हेच पाणी एरवी ड्रेसिंगमध्ये उतरतं. पिळल्यावर चाखून बघा. खारट वाटलं तर पटकन धुऊन पुन्हा पिळा, आणि ड्रेसिंगमध्ये मीठ जवळजवळ घालूच नका. असा कोबी पहिल्यासारखा करकरीत लागत नाही, थोडा लवचीक होतो, पण दाताला लागतो आणि तसाच टिकतो.

गड्डा घेताना आकाराच्या मानाने जड वाटेल तो घ्या, दाबला तर घट्ट लागला पाहिजे. किसणी वापरू नका. किसणीने पेशी चिरडतात, पाणी तिथेच सुटायला लागतं आणि कोबीचा तो उग्र वासही वाढतो, कारण पेशी फुटल्यावरच गंधकाची तिखट द्रव्यं तयार होतात. धारदार सुरी घ्या, मधला दांडा काढा, चौथाई भाग आडवा ठेवून दोनेक मिलिमीटर जाडीचं चिरा. पारदर्शक होईल इतकं बारीक चिरण्याची हौस इथे नको.

आता ड्रेसिंग. तुम्ही साधं दही मिक्सरमध्ये फिरवलंत, तिथे पहिला घोळ. दह्याची घडी एकदा मोडली की पुन्हा बसत नाही, ते पातळच राहतं. त्याऐवजी चारशे ग्रॅम दही कापडात बांधून तीन-चार तास टांगा, साधारण निम्मं उरेल. तो चक्का वाडग्यात घेऊन चमच्यानेच फेटा. दोन मोठे चमचे मेयोनीज घातलंत तर गुळगुळीतपणा येतो, नाही घातलं तरी अडत नाही.

लसणाची एकच पाकळी, आणि ती थेट लिंबाच्या रसात किसा. लसूण चिरडला की त्याचा तिखटपणा तयार व्हायला लागतो, आंबटात ती प्रक्रिया मंदावते. दीड मोठा चमचा रस पुरे. दहा मिनिटं तसंच ठेवून मग चक्क्यात घाला. पाकळी तीच, पण घशाशी येत नाही.

हिरवी पानं दोन मुठी. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या घ्या, वास त्यांच्यातही भरपूर असतो. पुदिन्याची मात्र फक्त पानं. शेपू आवडत असेल तर थोडाच, तो बाकी सगळ्यांना गप्प करतो. पार्सली, पातीच्या कांद्याची हिरवी पात, काहीही चालेल. पानं धुऊन पूर्ण कोरडी करा (पुन्हा तेच!), निम्मी दोन चमचे तेलात थांबून-थांबून वाटा आणि निम्मी सुरीने चिरून घाला. वाटणाने रंग येतो, चिरलेल्या पानांनी मधूनच ताजा वास येतो. तेल ऑलिव्हचं असेल तर मिक्सरमध्ये नको, वेगात फिरवल्यावर कडवट लागू शकतं. ते शेवटी हाताने मिसळा आणि वाटणाला दुसरं, बिनवासाचं तेल घ्या.

शेवटी अर्धा छोटा चमचा मोहरीची पेस्ट, चिमूट साखर, मिरपूड. ड्रेसिंग चमच्याच्या पाठीवर घेऊन बोटाने रेघ ओढा. रेघ बुजली नाही तर झालं. तुम्हाला ते जरा जास्तच घट्ट वाटेल. वाटू द्या, कोबी त्याला सैल करणारच आहे.

कालवताना सगळं ड्रेसिंग एकदम ओतू नका. अर्धा किलोला निम्मं घालून हाताने खालून वर करा, प्रत्येक पट्टीला लागेल असं, मग लागेल तसं वाढवा. बर्फाच्या पाण्याची पद्धत घेतली असेल तर मीठ अगदी शेवटी, ताटात वाढायच्या पाच मिनिटं आधी. भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया किंवा बदामाचे काप वरून घाला, आत कालवले तर तेही मऊ पडतात.

थोडा जांभळा कोबी घालायचं मनात असेल तर तो वेगळ्या वाडग्यात लिंबाचे चार थेंब चोळून ठेवा आणि वाढताना वरून पसरा. आंबटात त्याचा रंग गुलाबी-लाल खुलतो. सगळ्याबरोबर कालवलात तर हिरवं ड्रेसिंग मातकट जांभळं होईल.

ड्रेसिंग फ्रिजमध्ये दोन दिवस चवीला चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग शेवाळी होतो, तो लिंबाचा परिणाम आहे, बिघडलेलं नसतं. कच्च्या अंड्याचं मेयोनीज घरी केलं असेल तर मात्र त्याच दिवशी संपवा आणि दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. चिरलेला कोरडा कोबी डब्यात खाली कापड घालून वेगळा ठेवलात तर दोन दिवस मजेत राहतो, लागेल तेवढाच काढून कालवायचा.