वाचक विचारतात : पॉडकास्टने खटला फिरतो का?

प्रश्न : ‘इन द डार्क’ या पॉडकास्टमुळे कर्टिस फ्लॉवर्स सुटला म्हणतात. हे कितपत खरं?

उत्तर : अर्धं खरं. 1996 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, विनोना गावी फर्निचरच्या दुकानात चार खून झाले. त्यासाठी फ्लॉवर्सवर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला. पॉडकास्टच्या 2018 च्या पर्वासाठी पत्रकारांनी कोर्टाकोर्टांत बसून या वकिलाच्या कार्यालयाचे 225 खटले तपासले. ज्युरीसाठी, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी, बोलावलेला माणूस काळा की गोरा, त्याला कुणी वगळलं, सगळं तक्त्यात भरलं. काळ्यांना वगळण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे साडेचारपट निघालं. पण 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती खटल्यातल्याच नोंदींवर : सहा खटल्यांत वगळता येण्याजोग्या 42 काळ्या ज्युरी-उमेदवारांपैकी 41 सरकार पक्षाने वगळलेले. पॉडकास्टचा खरा घाव दुसरीकडे बसला. ‘फ्लॉवर्सने माझ्याजवळ कबुली दिली’ म्हणणारा कैदी पत्रकारांपुढे उलटला. 2020 मध्ये आरोप मागे घेताना सरकारने ते कारण दिलंच.

प्रश्न : जुन्या खुनावर पॉडकास्ट करतोय. साक्षीदाराला काय विचारू?

उत्तर : आधी काही सांगू नका. ‘गाडी पांढरी होती ना?’ असं विचारलंत की पुढच्या महिन्यात त्याला पांढरी गाडी आठवू लागते, आणि तो खोटंही बोलत नसतो. ‘त्या संध्याकाळी काय काय झालं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. जुना जबाब, फोटो, इतरांचं म्हणणं, सगळं नंतर. मुलाखत पहिला भाग प्रसारित होण्याआधी घ्या. नंतर तो तुमचंच ऐकून बोलतो. तुमचे प्रश्नही रेकॉर्ड करा आणि न कापलेली मूळ फाइल जपा, कोर्ट ती मागू शकतं.

संशयिताचं नाव घेण्याची घाई तर नकोच. ‘द टीचर्स पेट’ हा ऑस्ट्रेलियातला पॉडकास्ट गाजल्यावर, पत्नीच्या खुनाचा आरोपी ख्रिस डॉसनने त्याच प्रसिद्धीचा आधार घेत खटलाच थांबवा म्हणून अर्ज केला. खटला लांबला, ऑस्ट्रेलियात पॉडकास्ट काढून ठेवावा लागला, आणि शेवटी ज्युरीविना एकट्या न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. 2022 मध्ये तो दोषी ठरला. पण बचावपक्षाच्या हाती हा मुद्दा आयताच दिला होता.