वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मार्टिन बेकचा संथ तपास

गेल्या अंकात माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश जोडीच्या ‘द लाफिंग पोलिसमन’ (१९६८) या कादंबरीचा परिचय प्रसिद्ध झाला. त्यावर डिचोलीपासून काणकोणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, नोव्हेंबर १९६७ मधील एका पावसाळी रात्री स्टॉकहोममध्ये एका दुमजली बसमधल्या नऊ जणांवर अंदाधुंद गोळीबार होतो. मृतांमध्ये स्टेनस्ट्रॉम हा मालिकेचा नायक असलेल्या मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्याच पथकातला तरुण अधिकारी असतो आणि तो त्या वेळी त्या बसमध्ये काय करत होता, हे त्याच्या सहकाऱ्यांनाही ठाऊक नसते. खुनी कोण, हे आम्ही येथे सांगणार नाही. तपासाचे काही टप्पे मात्र उत्तरांच्या ओघात आले आहेत.

प्रश्न : मी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय वाचत वाढलो. या कादंबरीत पोलीस नुसते फिरतात, सर्दीने बेजार होतात आणि एकमेकांवर चिडतात. दहा पुस्तकांची मालिका लिहिणाऱ्यांना इतके संथ लिहिणे परवडते तरी कसे? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : धनंजय हाती घेतल्यावर तो जिंकणार हे आपण गृहीतच धरतो आणि तो कसा जिंकतो एवढेच पाहायचे असते. बेकच्या बाबतीत तशी हमी लेखकांनी दिलेलीच नाही. घटनेच्या संध्याकाळी शहरातले पोलीस व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनांच्या बंदोबस्तात गुंतलेले असतात. बसपाशी प्रथम पोहोचणारे क्रिस्तियानसन आणि क्वांत हे गस्तीचे दोन शिपाई आत-बाहेर वावरून हाती लागू शकणारा पुरावा तुडवून टाकतात. त्यातच खुन्याचे लक्ष्य नेमके कोण होते हे कळत नसल्याने बसमधल्या प्रत्येक उतारूचे आयुष्य स्वतंत्रपणे उलगडावे लागते आणि त्यातले बहुतेक धागे कोठेच पोहोचत नाहीत. वाचकाला कंटाळा येतो तो याच पानांत, पण बेकला जेवढे ठाऊक आहे तेवढेच आपल्यालाही ठाऊक असल्यामुळे पुढे एखादा क्षुल्लक तपशील जुळला की त्याचे मोल कळते, आणि ते कळायला आधीची पायपीट सोसलेली असावी लागते. तरीही आपली तक्रार आम्ही सर्वस्वी फेटाळत नाही. माल्मो आणि सुंड्सवाल येथून मदतीला आलेल्या अधिकाऱ्यांची प्रकरणे आणखी आटोपशीर असती, तर काहीच बिघडले नसते.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. गोळीबारातून वाचलेला एक जखमी रुग्णालयात शेवटच्या क्षणी दोनच अस्पष्ट शब्द उच्चारतो आणि अधिकारी ते टेपवर घेतो. आपल्याकडे अशा जबाबाचे काय झाले असते? — एक वाचक, फोंडा

उत्तर : हा प्रश्न एखादा पोलीसच विचारू शकतो. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेले कथन पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ खाली संबद्ध ठरत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कलम २६ मध्ये आहे. बोलणाऱ्याला आपला मृत्यू जवळ आल्याची जाणीव असली पाहिजे, अशी अट आपला कायदा घालत नाही. असा जबाब विश्वासार्ह वाटल्यास केवळ त्याच्या आधारेही दोषसिद्धी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितले. पुढे लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात घटनापीठाने असे ठरवले की, जखमी व्यक्ती जबाब देण्याच्या मनःस्थितीत होती याबद्दल जबाब नोंदवणाऱ्याचे समाधान झाले असेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून जबाब बाद होत नाही. तेव्हा अधिकारी रॉन याने प्रश्न विचारून उत्तरे टेपवर घेतली, हे आपल्याकडेही चालले असते. अडचण आली असती ती जखमी शुद्धीवर कितपत होता आणि त्या दोन शब्दांचा अर्थ काय, या मुद्द्यांवर. बचाव पक्षाच्या वकिलाने तेथे साक्षीदाराला सहजासहजी सोडले नसते. स्वीडनमध्ये पुराव्याचे वजन न्यायालय मोकळेपणाने ठरवते. लेखकांना मात्र न्यायालयापर्यंत जायचेच नाही. टेप पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या पोलिसांची जी दशा होते तिच्यात त्यांना रस आहे, आणि आमच्या मते कादंबरीतला सर्वांत उत्तम भाग तोच आहे.

प्रश्न : कादंबरीत पुढे येणाऱ्या, सोळा वर्षांपूर्वीच्या न उलगडलेल्या खुनातील तेरेझा कामारांव हे नाव वाचून आम्ही गोंयकार चपापलो. पण त्या पोर्तुगीज बाईचे चित्रण मला खटकले. — एक वाचिका, मडगाव

उत्तर : आम्हालाही ते खटकले. बसमधल्या मृतांची घरे, नोकऱ्या, सवयी यांकडे इतक्या सहानुभूतीने पाहणारे लेखक या एका स्त्रीकडे मात्र बव्हंशी पोलिसांच्या जुन्या कागदपत्रांतून आणि पुरुषांच्या आठवणींतून पाहतात आणि तिच्या वासनेला आजाराचे नाव देऊन मोकळे होतात. ते मत पात्रांचे आहे, लेखकांचे नाही, असा बचाव करता येईल; परंतु तिची बाजू मांडणारे कोणीच कथेत नसल्यामुळे तो पुरेसा वाटत नाही.

प्रश्न : आधीची तीन पुस्तके वाचल्याशिवाय हे वाचावे का? — एक वाचक, वास्को

उत्तर : खुशाल वाचावे. हे आवडले, तर मग १९६५ च्या ‘रोझाना’पासून क्रमाने जावे.

प्रश्न : मालिकेतले नायक वर्षानुवर्षे त्याच वयाचे राहतात. बेकचे वय वाढते का? आणि एवढी लोकप्रिय मालिका दहावरच का थांबली? — एक वाचिका, साखळी

उत्तर : बेकचे वय तर वाढतेच, शिवाय त्याचे घरही मोडते. या कादंबरीत पोटदुखी आणि कुरबुरींचा संसार निमूटपणे सोसणारा बेक पुढे पत्नीपासून वेगळा होतो. कोलबर्ग हा त्याचा जिवलग सहकारी पोलिसी कामाला विटून राजीनामा देतो. आणि येथे आपल्याला हसवणारा क्वांत पुढे एका पुस्तकात कर्तव्यावर असताना मारला जातो. दहा हा आकडा आधीच ठरलेला होता. प्रत्येकी तीस प्रकरणांच्या दहा पुस्तकांतून मिळून एकच मोठी कादंबरी व्हावी आणि कल्याणकारी म्हणवणाऱ्या स्वीडिश राज्यव्यवस्थेची झाडाझडती तिच्यात व्हावी, अशी शोवाल आणि वालो यांची योजना होती. दोघेही पत्रकार आणि विचाराने मार्क्सवादी होते. १९६५ मध्ये स्वीडनचे पोलीस दल राष्ट्रीय पातळीवर एकवटले गेले, त्याच वर्षी मालिका सुरू झाली, आणि त्या बदलावरचा त्यांचा राग पुढच्या पुस्तकांत वाढत जातो. शेवटच्या काही पुस्तकांत तो कथेवर स्वार होतो, असेही आम्हाला वाटते. पेर वालो १९७५ मध्ये वारले, त्याच वर्षी दहावे पुस्तक आले. माय शोवाल त्यानंतर २०२० पर्यंत हयात होत्या, पण अकरावे पुस्तक त्यांनी लिहिले नाही.