राजमातेच्या सुरकुत्या कुठे गेल्या?

प्रश्न : चीनची राजमाता त्सिशी हिचे १९०३-०४ मधले फोटो पाहिले. तेव्हा ती सत्तरीला टेकली होती, पण चेहरा चाळिशीतला वाटतो. फोटो खोटे आहेत का?

उत्तर : फोटो खरे आहेत, चेहऱ्याला मात्र टचिंग केलंय. हे फोटो शुनलिंगने काढले. त्याचे वडील युकेंग फ्रान्समध्ये चीनचे राजदूत होते, आणि तो परदेशात असताना फोटोग्राफी शिकला. बहिणी राजमातेच्या सेवेत होत्या, म्हणून त्याचा कॅमेरा महालाच्या आत पोचला.

आता सुरकुत्यांचं. सुरकुती म्हणजे सावलीची बारीक रेघ. निगेटिव्हच्या काचेवर ही रेघ पारदर्शक असते. प्रिंट काढताना तिथून प्रकाश जास्त जातो आणि कागदावर ती काळी उमटते. ती घालवायची तर नेमकी तेवढीच रेघ शिसपेन्सिलीने भरायची. काचेवरच्या नुसत्या जिलेटिनच्या थरावर शिसं धरत नाही, म्हणून आधी त्या बाजूला पातळ व्हार्निशचा हात द्यायचा. मग पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून, काच उजेडासमोर तिरपी धरून, स्वल्पविरामाएवढे फटकारे मारत जायचं. शिसं जास्त झालं की प्रिंटवर पांढरा चट्टा येतो. सगळ्याच रेघा भरल्या तर सुरकुत्यांबरोबर गालाची गोलाईही जाते आणि चेहरा लाटलेल्या पोळीसारखा सपाट दिसतो. राजमातेच्या काही फोटोंत नेमकं तेच झालंय.

त्यात फोटो अंगणात देखावा मांडून काढलेले. मोकळ्या आकाशाचा पसरट उजेड सावल्या मुळातच पुसट करतो. टचिंग ओळखायचं असेल तर चेहरा सोडा, मान आणि हात बघा. कारागिराची पेन्सिल बहुधा हनुवटीशी थांबायची.

प्रश्न : एवढा खटाटोप कशासाठी? आणि या फोटोंवरून ती दुष्ट होती की कर्तबगार, हे ठरवता येतं का?

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी : नाही. १८९८ मध्ये तिने सम्राट ग्वांगशूच्या सुधारणा मोडून काढल्या आणि त्याला नजरकैदेत टाकलं. १९०० मध्ये परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडखोरांच्या बाजूने उभी राहिली, परकीय सैन्य बीजिंगमध्ये घुसलं तेव्हा शीआनला पळाली, आणि १९०१ च्या तहात चीनच्या माथी ४५ कोटी ताएल (ताएल म्हणजे चांदी तोलायचं चिनी माप) चांदीची भरपाई बसली. पण १९०५ मध्ये शतकानुशतकं चालत आलेली सरकारी परीक्षापद्धत तिच्याच राजवटीत बंद झाली. ग्वांगशू तिच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, १४ नोव्हेंबर १९०८ रोजी गेला. त्याच्या केसांत आर्सेनिक सापडल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं. ते कुणी दिलं हे मात्र केस सांगत नाहीत.

खटाटोपाचं कारण १९०० मध्येच आहे. परदेशी वर्तमानपत्रांतली रक्तपिपासू म्हातारी पुसून तिथे शांत, ऐश्वर्यसंपन्न राजमाता बसवायची होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची मुलगी ॲलिस १९०५ मध्ये चीनला आली तेव्हा तिला असाच एक फोटो भेट मिळाला. डोक्यावरच्या फलकावर पदव्या आणि ‘दहा हजार वर्षं’ असा जयघोषही आहे. पेन्सिलीला जमलं नाही ते फलकाने भरून काढलं!

प्रश्न : फोटोत कपडे गडद दिसतात, ते शोकाचे का?

उत्तर : नाही. त्या काळच्या निगेटिव्हच्या काचेला, म्हणजे प्लेटला, निळा प्रकाश चटकन कळायचा, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून निळं फिकट उमटतं, लाल काळं पडतं, पिवळंही असावं त्याहून गडद येतं. काही प्रिंट नंतर हाताने रंगवल्या. त्यातला रंग रंगवणाऱ्याने दिलेला, कॅमेऱ्याने टिपलेला नव्हे.

प्रश्न : त्सिशीची ‘मूळ प्रिंट’ विकायला आहे. काय तपासू?

उत्तर : दहापट भिंग घ्या आणि गालाचा करडा भाग पाहा. ओळीने ठिपके दिसले तर ते छापखान्याचं चित्र आहे. ठिपके नसले तर प्रिंट तिरपी धरा. जुन्या जिलेटिन प्रिंटच्या गडद भागांवर, विशेषतः कडांना, बऱ्याचदा निळसर चंदेरी झाक येते. ती असली तरी घाई नको. तिच्या फोटोंच्या प्रती १९०४ मध्येच शांघायमध्ये जाहिरात देऊन विकल्या जात होत्या, त्यामुळे जुनी प्रिंट दरबारातलीच असेल असं नाही. आणि फोटोवरून काढलेल्या फोटोत पापण्या, भरतकाम असे बारकावे आधी बुजतात. भिंग तिथेच लावा.