बागेचे अँगल, जीपचे पाटे आणि तडकलेला कल्टिव्हेटर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकरभर द्राक्षबाग काढली, मांडवाचे अँगल पडून आहेत, जुन्या जीपचे चार कमानपाटे आहेत आणि छोट्या ट्रॅक्टरमागचा कल्टिव्हेटर टॉपलिंकच्या (अवजार वरून ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटपाशी तिसऱ्यांदा तडकलाय. पाटाच आडवा वेल्ड करून टाकू का? नका टाकू. पाटा मातीत चालवायचा, फ्रेमला बागेचा अँगल लावायचा.

पाटा कडक, म्हणून तो कमी लवेल असं वाटतं. तसं नसतं. एकाच मापाची साधी पट्टी आणि पाटा सारख्या ओझ्याखाली जवळपास सारखेच लवतात. फरक इतकाच की ओझं जास्त झालं तर पट्टी वाकडी राहते आणि पाटा परत सरळ होतो. ताठपणा येतो तो मापातून आणि लोखंड कसं उभं केलं त्यातून. ५० बाय ६ मिलिमीटरची पट्टी आडवी टाकण्याऐवजी कडेवर उभी केली की सुमारे ७० पट ताठ होते. वजन तेच, मीटरला २.४ किलो.

दुसरं, पाट्यात कार्बन जास्त, साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वर. थंड पाट्यावर ६०१३चा, म्हणजे नेहमीचा साधा वेल्डिंग रॉड ओढला की वेल्डिंगशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. त्या दिवशी काम छान दिसतं. रात्रीतून किंवा पहिल्याच दणक्याला वेल्डिंगच्या कडेने सरळ रेषेत सुटतं आणि लोक म्हणतात वेल्डर कच्चा. वेल्डर कच्चा नसतो, लोखंड वेगळं असतं.

लोखंड ओळखायला ग्राइंडर पुरतो, संध्याकाळच्या अंधुक उजेडात बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर, फाटे कमी. पाट्याच्या आखूड आणि दाट, टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तांबूस आणि लगेच विझणाऱ्या. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींकडचं भंगार घेताना ही खात्री जास्त लागते, कारण तिथे कारखान्यातली कुठलीही जात एकाच ढिगात असते.

आता बागेचे अँगल. हे साधं लोखंड, वेल्डिंगला उत्तम, पण जमिनीलगतचा भाग फसवा. माती आणि हवा जिथे मिळतात तिथे गंज खोल जातो, त्यात मोरचुदाच्या फवारण्यांनी भर घातलेली असते. जमिनीच्या रेषेच्या वर-खाली सहा-सहा इंच कापून सरळ भंगारात द्या. उरलेला भाग कॅलिपरने मोजा, ५ मिलिमीटरचा अँगल ४च्या खाली आला असेल तर तो कांदा चाळीच्या आडव्या कामाला ठेवा, अवजाराला नको. वेल्डिंगच्या जागी पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा. फवारणीच्या गंधकाचा थर राहिला तर वेल्डिंगला छिद्रं पडतात आणि ते गरम असतानाच चिरतं. घासताना तोंडाला मास्क हवाच.

तडा एकाच जागी तीनदा का गेला? फण मातीत अडकला की फ्रेम खालून मागे ओढली जाते आणि टॉपलिंक वरचा उभा ब्रॅकेट धरून ठेवते. ब्रॅकेटपासून मागच्या बारपर्यंत तिरपे आधार नसतील तर तो सगळा पीळ पुढच्या एकट्या बारवर येतो. तो बार उघडा अँगल असेल तर पिळाला फारच कमजोर. तड्यावर नुसता रॉड फिरवून हे मिटत नाही. म्हणून आधी तडा बुजवायचा आणि मग पिळाची वाट बदलायची.

तडा स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. रॉकेल आतून वर येतं, खडूवर ओली काळी रेघ उमटते. तडा डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा नेहमी पुढे गेलेला असतो. रेघ संपते त्याच्या थोडं पुढे ६ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळणार नाही. मग ग्राइंडरने तड्यावर इंग्रजी व्हीसारखी खाच करा, तळाला एक-दीड मिलिमीटर सोडून. पहिला थर २.५च्या रॉडने, ७० ते ८० अँपिअरवर. वरचे ३.१५च्या रॉडने, ११०च्या आसपास. प्रत्येक थरानंतर स्लॅग, म्हणजे वरचं कवच, पूर्ण काढा. भोकही भरून घ्या आणि वरचा फुगवटा घासून सपाट करा. विहिरीवरच्या बोर्डातून पन्नास मीटर बारीक वायर ओढून मशीन चालवलं तर आकडा ११० दाखवतो पण वितळ आत जात नाही. केबल जाड घ्या नाहीतर फ्रेमच बोर्डाजवळ आणा.

त्यावर पट्टी लावायची ती शंकरपाळीच्या आकाराची, चौकोनी नाही. चौकोनी पट्टीच्या सरळ कडेला बारवर आडवी वेल्डिंग येते आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. शंकरपाळीची टोकं बारच्या लांबीत ठेवा, जाडी बारपेक्षा जास्त नको, तिरप्या कडांनी वेल्ड करा आणि टोकाला आडवा रॉड फिरवू नका.

मग पुढचा बार अँगलचा असेल तर त्याला त्याच मापाचा दुसरा अँगल तोंडाला तोंड लावून चौकोनी पेटी करा. ५०-५०-६चा अँगल मीटरला साडेचार किलो, पाच फुटाला सात किलोच्या आत. दोन इंच वेल्ड, दोन इंच सोड, एकदा वरून एकदा खालून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, नाहीतर बार केळासारखा वाकतो. आणि ब्रॅकेटच्या माथ्यापासून मागच्या बारपर्यंत ४०-४०-५चे दोन तिरपे आधार, मिळून दोन मीटर म्हणजे सहा किलो. सगळं जेमतेम तेरा किलो वाढतं. खरं काम हे दोन तिरपे करतात, पेटी त्यांच्या जोडीला. यापुढे जाऊन ‘अजून एक पट्टी मारू’ हा मोह आवरा. एक जागा दगडासारखी केली की तडा शेजारी सरकतो, शिवाय छोट्या ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागतं.

त्याच न्यायाने, रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तुटतो म्हणून तिथे मूळच्यापेक्षा कडक बोल्ट घालू नका. तो तुटण्यासाठीच आहे, नाही तुटला तर गिअरबॉक्स जातो. लिंकच्या पिनांच्या जागी सळईचा तुकडा तर कधीच नाही. पहिल्या कॅटेगरीला, म्हणजे छोट्या ट्रॅक्टरच्या जोडणीच्या मापाला, टॉपलिंकची पिन १९ मिलिमीटर आणि खालच्या २२, आणून बसवा. वीसची टीएमटी सळई खालच्या भोकात बसते खरी, पण तिच्या कडा भोक खातात आणि ती तुटली की अवजार सुटतं.

पाट्यांची पास, म्हणजे मातीखालून चालणारी आडवी पात, करा, ओळींमधलं तण कापायला झकास. मधल्या बोल्टच्या भोकाभोवती रॉकेल-खडूची तपासणी आधी करा, जुने पाटे तिथेच चिरलेले असतात. पातळ कटिंग व्हीलने हळूहळू कापा, पाटा मुळात पाणी दिलेला, म्हणजे तापवून विझवून कडक केलेला असतो. धार काढतानाही कड फार तापू देऊ नका. भोकाची जागा तेवढी गॅसने लाल करून राखेत थंड होऊ द्या, मग ड्रिल चालतो. पायांना बोल्टनेच जोडा, झिजली की बदलता येते. वेल्ड करणं भागच असेल तर एक जागा चकचकीत घासून ती निळी होईपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत, आजूबाजूसकट गरम करा. रॉड ७०१८चा, भट्टीत तापवून कोरडा केलेला. झालं की लगेच कोरड्या राखेत किंवा चुन्यात रात्रभर पुरा. पाणी मारायचं नाही.

अर्थिंगचा क्लँप वेल्डिंगच्या शेजारी, त्याच तुकड्यावर. लांब लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांना खड्डे पडतात. अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर सोडवा, नाहीतर बॅटरीच्या वायरी काढा. जस्ताचा पाइप असेल तर जस्त घासून काढा, त्याच्या धुराने रात्री ताप भरतो. डिझेलचा किंवा औषधाचा बंद ड्रम आणि जुना शॉकअब्सॉर्बर यांना गॅस किंवा रॉड लावूच नका.

पहिल्या दिवशी फण अर्ध्या खोलीवर तासभर चालवा, बोल्ट पुन्हा आवळा आणि शंकरपाळीच्या दोन्ही टोकांना परत रॉकेल-खडू लावून बघा. रेघ उमटली नाही तर मग रंग मारा.